बाबांना लागण दवाखान्यातच झाली, हे विषाणूच्या जनुकांवरून कळतं का?

पूर्णाकाठ | ८ जुलै २०२५, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

एप्रिल २०२१ मधली गोष्ट. बाबा (वय ७१) शेतात बांधावरून घसरले, मांडीचं हाड मोडलं. परभणीपासून तासाभरावरच्या एका खासगी दवाखान्यात २ एप्रिलला भरती केलं. भरतीच्या वेळची कोविड टेस्ट निगेटिव्ह. ५ तारखेला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. वॉकर धरून उभे राहायला लागले होते. १४ ला दुपारी ताप आला, १५ ला स्वॅब घेतला, १६ ला आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. लगेच कोविड सेंटरला हलवलं. २८ तारखेला बाबा गेले.

दवाखान्याचं पहिल्या दिवसापासून एकच म्हणणं, "आमच्याकडं काही नव्हतं, तुमच्याच माणसांनी बाहेरून आणलं." वॉर्डात आठ कॉट होत्या. शेजारच्या कॉटवरचे आजोबा १२ तारखेपासून खोकत होते, हे मी स्वतः पाहिलंय.

परवा कुठंतरी वाचलं की विषाणूचे जनुक वाचून कोणाकडून कोणाला लागण झाली ते काढतात. बाबांच्या बाबतीत असं करता आलं असतं का? आता करता येईल का? केस वगैरे करायची नाही. फक्त खरं काय ते कळावं.

बीडचा_बाप्पा | ९:१४

पयला नंबर!

बीडचा_बाप्पा | ९:१७

माफ करा भाऊ. नाव बघून न वाचताच टाकलं. लई वाईट वाटलं वाचून.

लॅबवाली | ९:५२

मी मायक्रोबायोलॉजीतली. कोविडची दोन वर्षं आरटीपीसीआरच्या लॅबमध्ये काढली, त्यामुळं थोडं सविस्तर लिहिते.

कोविडचा विषाणू म्हणजे जवळपास तीस हजार अक्षरांची एक चिठ्ठी. तिलाच जीनोम म्हणतात. नेमका आकडा हवा तर वुहानच्या पहिल्या नमुन्यात २९,९०३. अक्षरं चारच, पण क्रम ठरलेला. विषाणू आपल्या पेशीत शिरला की या चिठ्ठीच्या नकला निघायला लागतात आणि नकलेत अधूनमधून अक्षर चुकतं. चुकलेली नकल पुढच्या माणसाकडं गेली की ती चूकही सोबत जाते. एका साखळीत महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलतात, म्हणजे पंधरवड्याला एक.

आता हिशोब करा. एका माणसाकडून दुसऱ्याकडं जायला चार-पाच दिवस. अक्षर बदलायला पंधरा. म्हणजे शेजारच्या आजोबांकडून बाबांना लागण झाली असेल तर दोघांच्या चिठ्ठ्या बहुधा शब्दशः सारख्या निघतील. पण आजोबांना बाबांकडून झाली असेल तरी सारख्याच निघतील. आणि दोघांना तिसऱ्याच कुणाकडून, समजा ड्रेसिंगवाल्या मामांकडून झाली असेल, तरीही सारख्याच!

उलट दोघांच्या चिठ्ठ्यांत आठ-दहा अक्षरांचा फरक निघाला, तर छातीठोकपणे सांगता येतं की याचा त्याला गेलेला नाही. ही चाचणी "हा नव्हे" असं ठणकावून सांगते. "हाच" म्हणायची वेळ आली की ती चाचरते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाईट आहे. त्यासाठी बाबांचा त्या वेळचा नमुना पाहिजे. नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवले तरच टिकतात. आमच्या लॅबमध्ये त्या महिन्यात इतके स्वॅब येत होते की निगेटिव्ह लगेच आणि पॉझिटिव्ह थोड्या दिवसांनी वाफेनं निर्जंतुक करून टाकून द्यावे लागत. फ्रीजरला जागा नव्हती. निवडक नमुने तेवढे सिक्वेन्सिंगला, म्हणजे ही अक्षरं वाचायला, पुण्याला जायचे. तुमच्या बाबांचा नमुना आज कुठं असेल ही आशा ठेवू नका.

खमंग_हिंगोली | १०:०३

म्हणजे विषाणू आमच्या तलाठ्यासारखाच म्हणायचा. नक्कल काढली की एक अक्षर चुकलंच पाहिजे.

लॅबवाली | १०:०८

तलाठ्यापेक्षा बरा आहे. कोरोनाच्या विषाणूकडं नकल तपासून चूक दुरुस्त करणारं एक विकर असतं, म्हणून तो फ्लू किंवा एचआयव्हीपेक्षा सावकाश बदलतो. एचआयव्हीकडं तसली सोय नाही. त्याचं अक्षर भराभर चुकतं, म्हणून त्याची वंशावळ लावणं सोपं जातं.

पैठणकर_गुरुजी | १०:३१

लॅबवाली ताई, आपण लिहिलेलं वाचून मौज वाटली, कारण हे शास्त्र आमच्या गावात चारशे वर्षांपूर्वी झालेलं आहे! छापखाना नव्हता तेव्हा पोथ्या हातानं उतरवत. नकलकाराची एक ओवी चुकली की त्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत तीच चूक. त्यामुळं समान चुका असलेल्या पोथ्या एका घराण्याच्या, हे ओळखता येतं. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून प्रत शुद्ध केली, ती इथंच पैठणला.

आणि आपण म्हणता ती अडचणही तीच. दोन पोथ्या अक्षरशः सारख्या असल्या तर कुठली कुठलीवरून उतरवली? मजकुरावरून कळत नाही. मग शेवटच्या पानावर नकलकारानं घातलेला शक, वार, तिथी बघायची. मी ३४ वर्षं मराठी शिकवली, पण विषाणूला पोथीची उपमा आजच सुचली.

लॅबवाली | १०:३६

गुरुजी, शेवटच्या पानावरची तिथी! हेच मला नीट सांगता येत नव्हतं. आमच्याकडं ती तिथी म्हणजे केसपेपर. कोण कधी भरती झालं, कुठल्या कॉटवर होतं, ताप कधी आला, ड्युटीवर कोण होतं. हे नसेल तर जनुकांचा कागद नुसता भिंतीला लावायचा.

नाना_जालना | ९ जुलै, सकाळी ७:२०

सगळं ऐकायला गोड आहे. पण ज्या दवाखान्यात हात धुवायच्या बेसिनला नळ नाही तिथं जीनोम कशाला? मागच्या वर्षी माझ्या बायकोला ॲडमिट केलं होतं, तिथल्या बेसिनमध्ये रिकामी सलाईनची बाटली ठेवलेली. पाणी नाहीच. त्याच पैशात नळ बसवा.

सिस्टर_लातूर | ९ जुलै, सकाळी ८:०५ (नाईट उतरल्यावर)

नाना, तुमच्याशी ९० टक्के सहमत. उरलेले दहा टक्के असे की नळ बसवला तरी हात धुवायला वेळ कुठून आणायचा? एका सिस्टरकडं चाळीस पेशंट. दोन पेशंटच्या मध्ये नियमानं हात धुतले तर इंजेक्शनची सकाळची फेरी दुपारी संपेल.

आणि एका पेशंटमागं चार नातेवाईक. एक कॉटवर पायाशी, एक खाली चटईवर, दोघं व्हरांड्यात. हाकललं की भांडण.

खमंग_हिंगोली | ८:१९

सिस्टर, नातेवाईक नसले तर पेशंटला पाणी कोण देईल? बेडपॅन कोण लावील? ऑक्शिजनचा नळकांडा ढकलत आमीच नेला होता.

सिस्टर_लातूर | ८:२२

तेच तर. तुम्ही नसाल तर आमचं चालत नाही आणि तुम्ही असाल तर साथ थांबत नाही.

लीड्सकर | दुपारी १:४०

मूळची नांदेडची, गेली बारा वर्षं इंग्लंडमध्ये रुग्णालयातल्या संसर्ग-नियंत्रण विभागात काम करते. दोन मुद्दे.

एक, सिस्टर म्हणतात ते फक्त आपलंच दुखणं नाही. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात मर्सची (कोरोनाच्याच कुळातला श्वसनाचा आजार) साथ आली. आखातातून परतलेला एक माणूस, तो आजारी पडून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात गेला आणि शेवटी १८६ जणांना लागण झाली, ३८ गेले. जवळजवळ सगळा प्रसार रुग्णालयांतच. कारणांत काय निघालं? भरलेल्या कॅज्युअल्टी, एका खोलीत अनेक कॉट, आणि पेशंटची शुश्रूषा नातेवाइकांनी तिथंच राहून करायची पद्धत. कोरियासारख्या श्रीमंत देशात!

दोन, नानांना दुजोरा मिळेल अशी गोष्ट. ब्रिटनमध्ये १४ ठिकाणी मोठा अभ्यास झाला की रुग्णालयात लागलेल्या कोविडचे जीनोम वाचून ताबडतोब वॉर्डाला कळवलं तर प्रसार कमी होतो का. निष्कर्ष २०२२ मध्ये आला: प्रसार कमी झाल्याचं दिसलं नाही. अहवाल लवकर हातात आला तिथं आमच्यासारख्यांचे निर्णय बदलले, एवढं दिसलं. पण हिवाळ्यात सगळीकडंच इतके पेशंट होते की अहवाल वेळेवर येईनात. आठवड्यानं आलेला अहवाल म्हणजे पेरणी उरकल्यावर आलेला हवामान अंदाज.

तरी मी याला पैशाचा चुराडा म्हणणार नाही. आमच्या वॉर्डात एकदा पाच पेशंट एका आठवड्यात पॉझिटिव्ह आले. सगळ्यांचा संशय एका फिलिपिनो नर्सवर, कारण ती आजारी पडून आली होती. जीनोम वाचले तर पाचांत तीन वेगळी घराणी. एकही तिच्याशी जुळेना. ती तोवर रोज रडत होती.

नाना_जालना | १:५५

म्हणजे तुमच्याच अभ्यासात निघालं की उपयोग नाही. मी तेच म्हणतोय.

लीड्सकर | २:०१

नाना, शेवटचा परिच्छेद पण वाचा हो.

वाचनवेडा_उदगीर | दुपारी ४:१५

लीड्सकर यांच्या नर्सवरून लिबियाची गोष्ट आठवली. १९९८ मध्ये बेंगाझीतल्या मुलांच्या रुग्णालयात चारशेहून जास्त मुलांना एचआयव्ही झाल्याचं निघालं. आळ कोणावर? तिथं कामाला आलेल्या पाच बल्गेरियन नर्स आणि एक पॅलेस्टिनी डॉक्टर. मुद्दाम विषाणू टोचला म्हणून फाशीची शिक्षा सुनावली.

मग शास्त्रज्ञांच्या एका गटानं मुलांच्या विषाणूंचे जनुक घेतले आणि लॅबवाली ताईंनी सांगितला तोच हिशोब उलटा केला. इतके फरक साठायला किती काळ लागला असेल? उत्तर असं की हा विषाणू त्या रुग्णालयात ही मंडळी मार्च १९९८ मध्ये पोचण्याच्या आधीपासून फिरत होता. डिसेंबर २००६ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. आणि कोर्टानं त्याच महिन्यात पुन्हा फाशीच सुनावली! जुलै २००७ मध्ये सुटका झाली ती राजकीय वाटाघाटींतून.

त्या शोधातले एक प्रमुख म्हणजे तुलियो डी ऑलिव्हेरा. पुढं २०२० मध्ये डर्बनच्या एका खासगी रुग्णालयात कोविड पसरला, ३९ रुग्ण आणि ८० कर्मचारी, तिथंही शोध घेणाऱ्यांत हेच गृहस्थ. विषाणू जवळपास सारखेच निघाले, म्हणजे तो बहुधा एकदाच आत आला आणि मग वॉर्डावॉर्डांतून फिरला. पण कसा फिरला हे त्यांनी जनुकांवरून नाही काढलं. पेशंट कुठल्या दिवशी कुठल्या कॉटवरून कुठं हलवला, याचे तक्ते मांडून काढलं. गुरुजींची तिथी.

बीडचा_बाप्पा | ४:४०

आमच्याकडं असं कायी झालं का? भारतात?

लॅबवाली | ५:२५

झालंय की. केरळात २०१८ ला निपाह हा जीवघेणा विषाणू आला तेव्हा पहिला पेशंट सोडला तर जवळजवळ सगळ्यांना लागण रुग्णालयांतच झाली. सेवा करणारी एक नर्सही त्यात गेली. सिलिगुडीला २००१ मध्ये असाच ताप रुग्णालयांतून पसरला होता. तो निपाह होता हे कळलं २००६ मध्ये, जपून ठेवलेल्या नमुन्यांत विषाणूचे जनुक सापडले तेव्हा. पाच वर्षांनी! कुणीतरी ते नमुने फेकले नाहीत म्हणून. फ्रीजरला जागा नाही असं मी काल सहज लिहून गेले, त्याची किंमत ही असते.

आणि २००९ मध्ये गुजरातेत मोडासाला काविळीची साथ आली, हिपॅटायटिस बी. एकच सिरिंज पुन्हा पुन्हा वापरल्यानं.

बीडचा_बाप्पा | ५:४८

सिरिंजचं नका काढू. आमच्या गावात सुई न देणारा डॉक्टर म्हंजे डॉक्टरच नाही. माझी आजी गोळ्या दिल्या तर म्हणायची, "एवढ्या लांबून आले ती गोळ्यासाठी का?" कंपाउंडर उकळत्या पाण्यात काचेची सिरिंज बुचकळायचा. पाणी कधी उकळायचं, कधी नुसतं कोमट. पांढरं औषध, लाल औषध, अन् सुई. पन्नास रुपये.

खमंग_हिंगोली | ५:५१

अन् सलाईन. शिकून आलेल्या जावयाला पण सलाईन लावल्याबिगर बरं वाटत नाही.

नळदुर्ग | ६:३०

सुईवरून धागा भरकटतोय, पण मी अजून थोडा भरकटवतो. स्पेनमध्ये वलेन्सियात एक भूलतज्ज्ञ होता, पेशंटला द्यायच्या मॉर्फिनसारख्या औषधातलं आधी स्वतः टोचून घ्यायचा आणि उरलेलं त्याच सुईनं पेशंटला. त्याला हिपॅटायटिस सी होता. कोर्टापुढं ३२२ पेशंटांचे विषाणू तपासले गेले. २७५ त्याच्या घराण्यातले निघाले, ४७ जणांचे नाही निघाले, त्यांना दुसरीकडून कुठून तरी लागण झालेली. २००७ मध्ये त्याला १,९३३ वर्षांची शिक्षा झाली.

मला त्यातले ते ४७ जास्त महत्त्वाचे वाटतात. डॉक्टर दोषी आहे हे दिसत असतानाही शास्त्रानं त्याच्या खात्यावर नसलेलं खात्यावर घातलं नाही.

वकील_अंबाजोगाई | रात्री ८:१०

धागाकर्त्यांनी केस करायची नाही म्हटलंय, तरी माहिती म्हणून. ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते. कोविडचा काही काळ सर्वोच्च न्यायालयानं मुदतीतून वगळला होता, २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत, तो धरूनही तुमची मुदत गेली. डॉक्टरांनी भरती पेशंटचे कागद तीन वर्षं सांभाळावेत आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत असा नियम आहे. तीन वर्षंही उलटली. म्हणजे आता तुमच्याकडं जी झेरॉक्स असेल तीच. तेव्हाच मागितली होती का?

पूर्णाकाठ | रात्री ९:३५

सगळ्यांचे आभार. इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

वकीलसाहेब, झेरॉक्स आहे. कोविड सेंटरला हलवताना दिलेले कागद आहेत, तापाचा तक्ता पण आहे.

नमुना मिळणार नाही हे लक्षात आलं. आता खरं सांगतो, मी का विचारतोय. दवाखान्यावर माझा राग होता, पण तो निवला. घरातलं निवलं नाही. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो बाबांना बघायला १३ एप्रिलला आला, पाडव्याच्या दिवशी संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी बाबांना ताप. मग १८ ला त्याला स्वतःला ताप, तो पण पॉझिटिव्ह. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पुण्याहून कोण आलंय?" झालं. आई, आत्या, सगळा गाव. चार वर्षं तो पाठीमागं शिव्या खातोय. म्हणजे कोणी तोंडावर काही म्हणत नाही, पण वर्षश्राद्धाला आला तेव्हा आत्यानं त्याच्या हातून पाणी घेतलं नाही. त्यानंतर आला नाही. मीही कधी काही बोललो नाही.

म्हणून वाटत होतं की जनुकांवरून निघालं असतं तर बरं झालं असतं.

सिस्टर_लातूर | ९:४८

दादा थांबा. पुन्हा सांगा. भाऊ १३ ला संध्याकाळी आला आणि बाबांना ताप १४ ला दुपारी?

पूर्णाकाठ | ९:५०

हो. तक्त्यावर १४ ला दुपारी २ वाजता १०१ लिहिलंय.

सिस्टर_लातूर | १०:१२

मग याला जनुकं कशाला पाहिजेत? विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला त्या वेळी साधारण चार-पाच दिवस लागायचे. दोन दिवसांच्या आत क्वचित. तुमच्या भावापासून तापापर्यंत वीस तास पण नाहीत. भाऊ पाच मिनिटं बसला असो की रात्रभर, त्याच्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारी १०१ ताप येणं जवळपास अशक्य.

उलटं बघा. तो १३ ला बाबांजवळ बसला, १८ ला त्याला ताप. पाच दिवस. मला तर वाटतं बाबांकडून त्याला झाला.

लॅबवाली | १०:२०

सिस्टर, शाब्बास. मी जनुकांवर एवढं लिहिलं आणि तारखा विचारल्याच नाहीत.

पूर्णाकाठ, यात भर घालते. बाबा २ ला भरती, ताप १४ ला, म्हणजे बारा दिवसांनी. ब्रिटनमध्ये भरतीनंतर ८ ते १४ दिवसांत पॉझिटिव्ह आला तर 'बहुधा रुग्णालयात लागलेला' धरत, १४ दिवसांनंतर आला तर 'नक्की'. लीड्सकर, बरोबर ना?

लीड्सकर | १०:४४

बरोबर. मी रोज हेच तक्ते भरायचे.

पैठणकर_गुरुजी | १०:५०

शेवटच्या पानावरची तिथी, पूर्णाकाठ. आपल्याकडं ती होतीच.

खमंग_हिंगोली | ११:०२

भाऊला आत्ताच फोन लावा राजेहो.

सिस्टर_लातूर | ११:१५

एक विचारते, राग मानू नका. वॉर्डात बाबांजवळ कोण राहत होतं?

पूर्णाकाठ | १० जुलै, पहाटे ५:४०

ताई, रात्रभर झोप नाही. राग नाही मानत.

मीच राहत होतो. दिवसा घरी जाऊन आंघोळ, शेताकडं एक चक्कर, संध्याकाळी डबा घेऊन परत. रोज. ८ तारखेला मला कणकण होती, अंग दुखत होतं. जागरणाचं असेल म्हणून क्रोसिन घेतली आणि गेलो. टेस्ट केली नाही. १४ दिवस दवाखान्यात झोपून मला पुढं काहीच झालं नाही. २० ला केली तेव्हा निगेटिव्ह.

आजोबांच्या खोकल्याबद्दल मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं. माझ्या कणकणीबद्दल नाही लिहिलं.

लॅबवाली | सकाळी ६:५५

वाचलं. लगेच काय लिहावं कळेना.

कणकण म्हणजे कोविडच असं नाही, नव्हताच असंही नाही. २० ची निगेटिव्ह यातलं काहीच सिद्ध करत नाही. आठ कॉटच्या वॉर्डात तुम्ही, आजोबांचे नातेवाईक, मामा, मावशी, ड्युटीचे ब्रदर, सगळे रोज बाहेरून ये-जा करत होते. त्यात राज्यातल्या नमुन्यांत एकच नवा प्रकार झपाट्यानं वाढतोय हे केंद्रानं मार्च २०२१ च्या शेवटीच सांगितलं होतं, त्याच्याच घराण्यातला एक पुढं डेल्टाच्या नावानं ओळखला गेला. गावात, दवाखान्यात, बसस्टँडवर बहुतेक तेच घराणं. तुमचा, आजोबांचा, बाबांचा, तिघांचे नमुने आज माझ्या टेबलावर असते आणि तिन्ही सारखे निघाले असते, तरी मी बाण कुठून कुठं काढायचा ते सांगू शकले नसते.

भावापुरतं मात्र सांगू शकते. सिस्टरनी सांगितलंच.

बीडचा_बाप्पा | ७:१०

पूर्णाकाठ, त्या टायमाला कणकण कुनाला नव्हती? माझा चुलता गेला तवा मी पण डबा नेत होतो.

नाना_जालना | ७:३५

भाऊ, डबा नेला नसता तर बाबा उपाशी राहिले असते. एवढंच.

सिस्टर_लातूर | ८:२०

मी विचारायला नको होतं का, असं रात्रभर वाटत होतं. पण तापाच्या तक्त्याची झेरॉक्स आईला आणि आत्याला दाखवा. १३ आणि १४ तारखेवर पेनानं गोल करा.

वकील_अंबाजोगाई | ९:०५

आणि मूळ झेरॉक्स लॅमिनेट करू नका. अजून एक प्रत काढून ठेवा.

पूर्णाकाठ | ११ जुलै, रात्री १०:२५

काल रात्री भावाला फोन केला. तारखा सांगितल्या. म्हणाला, "मला माहीत होतं दादा, मी तेव्हाच मोजले होते दिवस." मग माझ्या ८ तारखेचं सांगितलं. थोडा वेळ गप्प होता. मग विचारलं, "सोयाबीन उगवलं का?" पाऊस उघडलाय, दुबार पेरणी करावी लागते की काय, बियाण्याची बॅग केवढ्याला पडली, यावर पाऊण तास बोललो.

श्रावणात येतो म्हणाला. आत्याकडं रविवारी जाणार आहे, झेरॉक्स घेऊन.